चष्म्याच्या डबीतल्या गोळ्या

शोभना टेक्सासमधल्या अर्विंगहून येऊन छत्तीस तास झाले नव्हते, आणि तेवढ्यात तिने पद्मजाच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा तीनदा हलवला होता. पद्मजाने तो तीनदा परत जागेवर ठेवला होता. त्याबद्दल नणंद-भावजयी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बोलायला त्यांच्याकडे दुसरे विषय होते.

"वहिनी, आई अजून उठली नाही?"

"नाही."

"साडेनऊ वाजले."

"घड्याळ मलाही दिसतंय, शोभना."

पद्मजा कणीक मळत होती. उद्या, शनिवारी, सासऱ्यांची पंच्याहत्तरी होती. बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता, ऐंशी माणसं येणार होती, आणि मनोहररावांना पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं होतं. दिवे कणकेचेच हवेत, हा सासूबाईंचा हुकूम. इंडियन ग्रोसरीत मातीच्या पणत्या दिवाळीच्या उरलेल्या, अर्ध्या किमतीत पडून होत्या. पण नाही. आणि हुकूम सोडून शरयूबाई स्वतः गेला आठवडाभर जेवणापुरत्या सोडल्या तर खोलीबाहेर यायला तयार नव्हत्या. पंच्याहत्तर दिवे पद्मजाने वळायचे, वर ते शोभनाने मोजायचे.

"काल जेवताना उठून गेली ती," शोभना म्हणाली. "दोन घास खाल्ले नाहीत तिने. आणि तू म्हणतेस अ‍ॅसिडिटी आहे."

"मी नाही म्हणत, त्याच म्हणाल्या."

"तुझ्यासमोर म्हणाली. मला माहितीये तिला काय होतंय ते. टेन्शन. या घरात टेन्शन येतं तिला."

झालं. पद्मजाने कणकेवर अशी मूठ मारली की परात ओट्यावरून सरकली. सासूसासरे भारतातून आले त्या जुलैपासून हा शब्द ती ऐकत होती. सासूबाईंची बोटं सुजली, टेन्शन. झोप लागली नाही, टेन्शन. चेहरा सुजला, टेन्शन. फोन टेक्सासहून यायचा, निदानही तिथूनच व्हायचं, आणि रोग ठरायची पद्मजा.

काल थँक्सगिव्हिंगच्या जेवणात नेमकं झालं होतं ते असं. शोभनाने भात वाढून घेताघेता जाहीर केलं, की डिसेंबरभर आई माझ्याकडे येईल, तिकडे ऊन असतं, तिचे सांधे मोकळे होतील. पद्मजाचा नवरा श्रीराम म्हणाला, दहा जानेवारीला त्यांचं बॉस्टनहून परतीचं तिकीट आहे, उगाच इकडून तिकडे नाचवू नकोस. रेडमंडला बसलेला धाकटा रवींद्र स्पीकरफोनवर होता. त्याचं सॉफ्टवेअर याच आठवड्यात बाहेर पडणार असल्यामुळे तो पंच्याहत्तरीला येऊ शकला नव्हता, पण मत त्याने वेळेवर पाठवलं. आईने कुठे राहायचं यावर चौघे अर्धा तास भांडले. आईला कोणी विचारलं नाही. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि तिला उलटी झाली. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं, की आई रुसली.

"मी उठवते तिला," शोभना म्हणाली आणि हात पुसत जिना चढली. जाताजाता मिसळणाचा डबा पुन्हा चार इंच डावीकडे गेलाच.

*

वरच्या खोलीत मनोहरराव पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर चष्म्याची डबी होती आणि चष्मा डोळ्यांवर होता. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून चौतीस वर्षं काढलेला हा माणूस सांगलीत जिभेसाठी प्रसिद्ध होता. साहेबांपासून सोयऱ्यांपर्यंत कोणी त्यांच्या थट्टेतून सुटलं नव्हतं. पण आज सकाळपासून त्यांनी एकही विनोद केला नव्हता, आणि हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शरयूबाई भिंतीकडे तोंड करून, शालीत हात लपवून पडल्या होत्या. चहा कपात निवला होता. बशीत पांढरी गोळी तशीच होती.

"शरयू, आजची तरी घे," ते हळूच म्हणाले.

"उद्या फोटो झाला की घेईन."

"अगं, पण तुला उभं राहवत नाहीये."

"तापाने. इशिताचा ताप लागलाय मला. जाईल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही शपथ घेतलीत. माझ्या गळ्याची."

मनोहररावांनी मांडीवरची डबी चाचपली. त्यांच्या मनात आलं, की आत्ता खाली जाऊन सांगावं. मग वाटलं, एकच दिवसाचा प्रश्न आहे. आणि सांगायचं तर हे सगळं सुरू कशामुळे झालं तेही सांगावं लागणार होतं.

तेवढ्यात शोभना आली. "आई, पुरे झालं आता रुसणं. वहिनी खाली एकटी दिवे वळतेय आणि तोंडाने माझा उद्धार करतेय. ऊठ. चल, मी धरते."

शरयूबाई उठून बसल्या. त्यांनी पाय खाली सोडले. लेकीसमोर हट्ट चालायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या उभ्या राहिल्या, दारापर्यंत तीन पावलं चालल्या, म्हणाल्या, "शोभा, अंधार का केलास?" आणि जागच्या जागी खाली बसल्यासारख्या कोसळल्या.

नंतरची पाच मिनिटं या घराला शोभण्यासारखीच गेली. शोभना किंचाळली. पद्मजा कणकेच्या हातांनी धावत आली. श्रीराम पहाटेपासून सेलच्या रांगेत उभा राहून टीव्ही घेऊन आला होता आणि नुकताच झोपला होता, तो बनियनवर आला, आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावण्याऐवजी त्याने रवींद्रला फोन लावला.

"दादा, थांब, मी सर्च करतो," स्पीकरवरून रवींद्र म्हणाला. "सिम्प्टम्स सांग. डिझी आहे की फेंट झाली?"

"कांदा लावा नाकाला," शोभना म्हणाली.

"साध्या अर्जंट केअर क्लिनिकला नेऊ या का आधी? हॉस्पिटलच्या ईआरला नेलं की इन्शुरन्सवाले पन्नास प्रश्न विचारतील," श्रीराम म्हणाला.

"पाय वर करा त्यांचे! कोणीतरी पाय वर करा!" पद्मजा ओरडली.

पंधरा वर्षांची इशिता दारात उभी होती. तिने बापाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि आपल्या फोनवरून नऊ-एक-एक लावला. "माय ग्रँडमदर कोलॅप्स्ड," ती म्हणाली. "नो, देअर आर ॲडल्ट्स हिअर. दे आर आर्ग्युइंग."

*

आता श्रीरामच्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नियमाने केलं.

नऊ वर्षांपूर्वी शरयूबाईंची बोटं सकाळी वळेनाशी झाली. मग मनगटं सुजली, मग गुडघे. मिरजेच्या डॉक्टरांनी आमवाताचं निदान केलं, आणि इतर औषधं लागू पडेनात तेव्हा रोजची एक पांढरी गोळी चालू केली. स्टिरॉइडची. त्या गोळीने शरयूबाई पुन्हा पोळ्या लाटू लागल्या, पुन्हा वेणी घालू लागल्या. बदल्यात गोळीने त्यांचा चेहरा नेला. निमुळती हनुवटी गेली, गाल फुगले, डोळे बारीक झाले. अचानक बंद करू नये, असं डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनने लिहून दिलं होतं. ती फाइल सांगलीच्या कपाटात होती.

ती तिथे ठेवायला लावली श्रीरामने. पाहुण्या आईबापांसाठी जो विमा मिळतो, त्यात जुन्या आजाराचा खर्च बसत नाही, हे त्याला ऑफिसातल्या मित्रांनी सांगितलं होतं. जुना आजार लिहिला की उद्या नुसता पाय मुरगळला तरी ते त्याच्यावर ढकलतील, हा शोध मात्र त्याचा स्वतःचा. म्हणून फॉर्मवर त्याने 'आजार नाही, औषधं नाहीत' अशा खुणा केल्या. गोळ्यांच्या पट्ट्या मेतकुटाच्या डब्यात घालून आणायला लावल्या. आणि बॉस्टनच्या विमानतळावर सामानाची वाट पाहतानाच सगळ्यांना बजावलं: इथे कोणी विचारलं तर आईला काहीही नाही. संधिवात नाही, गोळी नाही. फक्त वय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मनोहरराव तेव्हा म्हणालेसुद्धा होते. पण नियम पाळला सगळ्यांनी.

त्यामुळे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्सने विचारलं, "एनी मेडिकल कंडिशन्स? एनी मेडिकेशन्स?" तेव्हा श्रीरामने शर्टाची बटणं लावतालावता उत्तर दिलं, "नो. नथिंग. शी इज व्हेरी हेल्दी."

पद्मजाने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या जिभेवर शब्द आला होता. पण तिने विचार केला, गोळी तर चुकलेली नाही. रोज सकाळी आपण स्वतः चहाच्या बशीत ठेवतो आणि रिकामी बशी खाली येते. मग गोळीचा काय संबंध? उगाच नियम मोडल्याचं खापर पुन्हा आपल्याच डोक्यावर फुटायचं. ती गप्प राहिली.

शोभनालाही माहीत होतं. पण ऑक्टोबरभर फोनवर तीच आईला सांगत आली होती, की ती गोळी विष आहे, वहिनी तुला डोळे झाकून चारते, मी तुला आवळ्याचं चूर्ण पाठवते. आता त्या गोळीचं नाव काढलं तर बोलणं कुठे जाईल याचा तिला भरवसा नव्हता. तीही गप्प राहिली.

सलाइनची एक बाटली संपली, दुसरी लावली. पडद्याआड यंत्र मधूनमधून दंडावरचा पट्टा फुगवत होतं आणि रक्तदाबाचा आकडा दाखवत होतं. अठ्ठ्याहत्तर. मग ऐंशी. मग शहात्तर. दर आकड्याला नर्सचं चालणं जास्त भरभर होत होतं. शरयूबाईंना हाक मारली तर डोळे उघडत होते आणि लगेच मिटत होते. इशिता आजीचे पाय धरून उभी होती. आजीचे पाय इतके गार तिने कधीच पाहिले नव्हते.

डॉक्टर हॅलोरन पन्नाशीच्या होत्या, केस आखूड कापलेले, दमलेल्या. त्या श्रीरामसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, की एवढं पाणी चढवूनही रक्तदाब वर येत नाहीये, हा नुसता फ्लू नाही. काहीतरी आमच्या नजरेतून सुटतंय. आणि ते लवकर सापडलं नाही तर तुमच्या आईचा जीव जाऊ शकतो. काही आहे का? कुठलंही औषध, हर्बल, इंडियन, काहीही?

श्रीराम पांढराफटक पडला. त्याच्या डोक्यात एकाच वेळी आई होती आणि तो फॉर्म होता, खाली त्याची स्वतःची सही असलेला. आता खोटं कबूल केलं तर विमा रद्द होईल, आईचा व्हिसा जाईल, कदाचित आपल्यावर केस होईल. सव्वीस वर्षं या देशात राहून भीती कशाची वाटावी याचं ताळतंत्र त्याला उरलं नव्हतं. "नो," तो म्हणाला. "नो मेडिसिन."

तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीतून मनोहरराव उठले.

"मॅडम," ते म्हणाले, "माय सन इज नॉट टेलिंग करेक्ट."

"बाबा!" श्रीराम म्हणाला.

"तू गप बस."

चाळीस वर्षांत त्यांनी श्रीरामला असं गप्प केलं नव्हतं. त्यांनी हातातली चष्म्याची डबी उघडली आणि डॉक्टरांसमोर धरली. आत मखमलीच्या कापडावर छोट्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"स्टिरॉइड. टेन मिलिग्रॅम. डेली. नाइन इयर्स." मग ते नातीकडे वळले. "आमवाताला इंग्रजीत काय म्हणतात गं, इशिता? सांग त्यांना. आणि सांग, की आजी अकरा दिवस गोळी घेत नाहीये. रोज सकाळी ती गोळी माझ्या हातावर ठेवायची. औषध फेकू नये म्हणून मी यात ठेवायचो. अकरा आहेत. आजची बशीतच राहिली."

इशिताने सांगितलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत डॉक्टर वळल्या होत्या. "हायड्रोकॉर्टिझोन, हंड्रेड, आयव्ही, नाउ," त्या म्हणाल्या, आणि पडदा ओढला गेला.

*

व्हरांड्यात मग भांडण झालं. अशा वेळी माणसं रडतात, देवाचं नाव घेतात. हे तिघे भांडले.

"तुला कळलं नाही?" शोभना पद्मजाला म्हणाली. "अकरा दिवस आई गोळी खात नाही आणि तुला पत्ता नाही?"

"रिकामी बशी येत होती मला! आता बशीची झडती घ्यायची होती का? आणि विष आहे, विष आहे, असं फोनवर कोण सांगत होतं?"

"म्हणजे मी मारलं तिला?"

"मी असं म्हटलं नाही."

"दादा, तुझा तो फॉर्म!"

"फॉर्म काय माझ्या हौसेसाठी भरला का? विमा नसता आणि काही झालं असतं तर घर विकावं लागलं असतं. तुम्ही दोघं फोनवरून प्रेम करता. आईला ठेवून घेतं कोण?"

"ठेवून कोण घेतं म्हणालास?" पद्मजा नवऱ्याकडे वळली, आणि जुलैपासून साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तू ठेवून घेतोस? तू सकाळी सातला जातोस! आणि मी टेन्शन देते ना त्यांना? सगळ्या घराला ठाऊक आहे, मी टेन्शन देते!" तिला रडू आलं, आणि रडू आल्याचाच तिला जास्त राग आला. तिच्या नखांत अजून कणीक होती.

डॉक्टर हॅलोरन बाहेर आल्या तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. रक्तदाब शंभराला पोचला होता. त्यांनी सांगितलं, इशिताने आपल्या मोडक्या मराठीत पुन्हा सांगितलं, आणि पद्मजाने आपल्या डोक्यात ते तिसऱ्यांदा लावून पाहिलं.

मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. माणसावर काही संकट आलं, ताप, पडणं, ऑपरेशन, भांडण, की त्या एक रस सोडतात. त्याच्या जोरावर शरीर तगून राहतं. ही गोळी म्हणजे तोच रस, बाहेरून दिलेला. तो रोज आयता मिळाला की मेंदू त्या ग्रंथींना हाक मारणंच सोडतो आणि त्या झोपी जातात. शिवाय हा आजारच असा, की वर्षानुवर्षं अंगात आग धुमसत राहिली की ही यंत्रणा आधीच थोडी तोकडी पडते, असं काही डॉक्टरांना वाटतं. नऊ वर्षांनी गोळी एकदम थांबवली आणि वर इशिताचा ताप लागला. शरीराने मदत मागितली. द्यायला तिथे काही नव्हतं. गोळी कमी करायची झाली तर महिनोन्‌महिने थोडी थोडी करत करायची, ताप आला तर उलट जास्त घ्यायची, आणि हे प्रत्येक डॉक्टरला सांगायचं.

पद्मजाला ते तिच्या परीने कळलं. घरी रोज बाहेरून डबा येत असला की चूल बंद पडते. नऊ वर्षांनी एका सकाळी डबा बंद केला, तर चूल त्याच दिवशी कशी पेटेल? आणि त्याच दिवशी पाहुणे आले तर?

"म्हणजे टेन्शन द्यायला आम्ही सगळे होतो," ती डोळे पुसत मराठीतच म्हणाली. "पेलायला लागतं ते मात्र त्यांच्या अंगात नव्हतं."

शोभनाने तिच्याकडे पाहिलं. पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून तिने वहिनीच्या हातात ठेवलं. ती क्षमा होती की नाही कोण जाणे, पण पद्मजाने टिश्यू घेतला.

"पण का?" श्रीराम बापाकडे वळला. "बाबा, तुम्हाला माहीत होतं. अकरा दिवस! का बंद केली तिने?"

मनोहरराव व्हरांड्यातल्या बाकावर बसले. हातातली डबी त्यांनी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

"तो फोटो," ते म्हणाले.

पंच्याहत्तरीसाठी श्रीरामने एकोणसाठ सालचा, लग्नातला फोटो मोठा करून आणला होता. हॉलच्या दाराशी लावायला. बारा दिवसांपूर्वी, रविवारी संध्याकाळी, तो दिवाणखान्यात उलगडला तेव्हा मराठी मंडळाचे दहाबारा जण जमले होते. फोटोत एकवीस वर्षांची शरयू, निमुळत्या चेहऱ्याची, डोळे मोठे. सगळे वाहवा करत होते. मनोहरराव एकदा फोटोकडे आणि एकदा बायकोकडे बघून म्हणाले होते, "यातली बाई कुठे ठेवलीत हो? ही तर तिची थोरली बहीण दिसते!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळे खोखो हसले. शरयूबाईही हसल्या. श्रीराम हसला होता, पद्मजा हसली होती, आणि तो विनोद फोनवर ऐकून शोभनाही हसली होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी माझ्या हातावर ठेवली," मनोहरराव म्हणाले. "म्हणाली, शनिवारच्या फोटोपुरती. थोडे गाल उतरू देत. हात दुखायला लागले तर शालीत लपवीन. मी म्हटलं, अगं, गंमत केली. ती म्हणाली, मग गंमत म्हणूनच गप्प राहा."

श्रीरामच्या खिशातून बारीक आवाज येत होता. रवींद्रचा फोन सकाळपासून चालूच होता. "हॅलो?" तो म्हणत होता. "हॅलो, दादा? कोणी मला सांगेल का काय चाललंय?"

*

शरयूबाईंना दुपारी तीनच्या सुमाराला जाग आली. पहिल्यांदा जाणवली ती भूक. किती दिवसांत अशी भूक लागली नव्हती. मग जाणवलं, की बोटं हलतायत. पूर्ण नाही, पण हलतायत. म्हणजे गोळी आत गेली होती. त्यांना सगळं लक्षात आलं आणि त्यांनी पटकन डोळे मिटून घेतले. पलीकडे कोणीतरी नाक ओढत होतं. ते कोणाचं नाक हे सत्तेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बघावं लागत नव्हतं.

शपथ मोडलीत, असं त्यांनी म्हणायचं ठरवलं. मग वाटलं, मोडली म्हणून तर आपण इथे आहोत. त्यांना दोन्हींचा राग आला. शपथ मोडल्याचा, आणि ती अकरा दिवस पाळल्याचा. त्या दिवशी त्या नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पद्मजाला मात्र म्हणाल्या, "भूक लागलीये गं. वरणभात मिळेल का इथे?"

पंच्याहत्तरी रद्द झाली. ऐंशी माणसांना शोभनाने आणि पद्मजाने मिळून फोन केले, यादी अर्धी अर्धी वाटून. प्रत्येकाला खरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. आमवात, गोळी, सगळं. चाळिसाव्या फोनला शोभनाचा घसा बसला, तेव्हा पद्मजाने न विचारता आल्याचा चहा करून तिच्या पुढ्यात ठेवला.

शनिवारी सकाळी सगळे खाटेभोवती उभे होते. श्रीराम रात्रीत दोन वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. त्याने खालच्या काउंटरवर जाऊन आईची सगळी माहिती नव्याने, खरी, लिहून दिली होती. पुढे काय होईल ते होवो. आई बसली होती, आणि तिच्यासमोर काही बोलायची त्याची हिंमत होत नव्हती. पद्मजाने ताटात कणकेचे दिवे आणले होते. ज्योत पेटवायला नर्सने साफ नकार दिला होता, तरी आणले होते.

कागद पुरे करायला काउंटरवरची बाई वर आली. तिच्या हातात शरयूबाईंचा पासपोर्ट होता, सत्त्याण्णव सालचा, गोळी सुरू व्हायच्या चार महिने आधी काढलेला. तिने फोटो पाहिला, खाटेवरच्या बाईकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आय अ‍ॅम सॉरी, आय हॅव टु आस्क," ती म्हणाली. "इज धिस द सेम पर्सन?"

शरयूबाईंनी चेहरा खिडकीकडे वळवला.

"सेम," मनोहरराव म्हणाले. "सेम पर्सन. माय वाइफ."

"थँक यू, सर."

"थोरली बहीण म्हणा की," खिडकीकडे बघतच शरयूबाई म्हणाल्या. कालपासूनचं नवऱ्याशी हे पहिलं वाक्य.

सांगलीत ज्यांच्या जिभेला लोक भीत, त्यांची जीभ उचलेना. "चुकलो मी, शरयू," ते शेवटी म्हणाले. लेकीसुनेसमोर, पोरासमोर, नातीसमोर. "माझी चूक झाली. मला तू ओळखू येतेस. अंधारातसुद्धा येतेस."

शोभना रडायला लागली. "फोटो बिटो काही नको आता," श्रीराम म्हणाला.

"का नको?" शरयूबाई वळल्या. "एवढे दिवे केलेत माझ्या सुनेने. इशिता, कॅमेरा आण. पण आधी ती गोळी द्या मला."

नर्सने कागदी कपात गोळी ठेवून दिली होती. मनोहररावांनी ती बायकोच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा ग्लास पुढे केला, आणि चष्मा चढवून बघत राहिले. शरयूबाईंनी गोळी गिळली.

"तोंड उघड," मनोहरराव म्हणाले. "जीभ वर कर."

"विश्वास नाही?"

"नाही."

शरयूबाईंनी एक उसासा टाकला, आणि आपला गोल, फुगलेला चेहरा उजेडात सगळ्यांसमोर वर करून नवऱ्याला तोंड उघडून दाखवलं.